पहिलं घर रिकामं

केनेस : ...आणि मग मेलानी मला म्हणते, केनेस, तू मशीनवर लिहीत नाहीस, तू पियानो वाजवतेस. आता आमच्या वोनोगिरी गावात कुणाकडे असणारेय पियानो, मी जन्मात बोट लावलेलं नाही, पण सांगते तुला, ब्रेलच्या सहा टिंबांना सहा बटणं, सहाच, हवी ती एकदम दाबायची, खाड, अक्षर तयार. आणि लगेच वाचता येतं गं. पाटीसारखं मागून उजवीकडून टोचा, मग कागद काढा, उलटा करा, काही नाही. बोट सरकवलं की आपलंच वाक्य आपल्या बोटाखाली, ताजं ताजं.

विगाती : मेलानी म्हणाली.

केनेस : हो, मेलानीच.

विगाती : जेवणापासून अकरा वेळा तिचं नाव घेतलंस. मी मोजतेय.

केनेस : तुला एकदा मोजायचं काम काय दिलं, तू काहीही मोजत सुटलीस. सरक की. अख्ख्या वसतिगृहाची ओसरी आहे, एकटीची आहे का?

विगाती : त्या बाजूला बस. इकडे चादरी टपकतायत.

केनेस : टपकू दे, उकडतंय किती. हे काय मांडीवर? डबा? अजून डबा तुझ्याचकडे? मला वाटलं बू मुर्नी बाई मघाशीच घेऊन गेल्या.

विगाती : मगरीबच्या बांगेआधी येतील. मतांचा निकाल सांगायचा आणि चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्या हातात द्यायचा. उद्या सकाळी वस्तू देणाऱ्या संस्थेला पत्र जातंय.

केनेस : म्हणजे तू मोजलंस? मोजलंस आणि गप्प बसलीयस? अगं आत सगळ्या जीव टांगून बसल्यात. सुमियाती तर न्हाणीघरातून ओरडून विचारतेय, लागला का, लागला का, साबण डोळ्यात गेला तिच्या.

विगाती : पाटी.

केनेस : काय पाटी?

विगाती : पाटी जिंकली. पाच-चार. जुलैत डोळस पोरांच्या नवीन शाळेत जाताना नऊ जणींच्या दप्तरात नऊ घडीच्या पाट्या आणि टिंबं पाडायचे नऊ टोचे. मशीन नाही.

केनेस : पाच-चार.

विगाती : नाचायचं असेल तर नाच, चादरी सांभाळून.

केनेस : नाही... म्हणजे, मी बोटांवर मोजलं होतं. दोघी जुळ्या मशीनवाल्या, एंडांग मशीन, ती मादियुनहून आलेली पोर मशीन, मेलानी तर मशीनच. झाल्या की पाच.

विगाती : आणि तू?

केनेस : गुप्त मतदान आहे ना? बू मुर्नींनी किती वेळा बजावलंय, कुणी कुणाला विचारायचं नाही, रुसवेफुगवे नकोत, चिठ्ठी डब्यात टाकायची आणि विसरून जायचं.

विगाती : मेलानीला सांगितलं असशील.

केनेस : तिला कशाला सांगू?

विगाती : बाकी सगळं सांगतेस की. तुझ्या बाबांच्या बाक्सो सूपच्या गाड्याची घंटा कुठल्या सुरात वाजते ते सांगितलंस. लहानपणी तू माझ्या टूथपेस्टची अर्धी ट्यूब खाल्लीस ते सांगितलंस. काल रात्रीच्या जेवणाला मी पलीकडेच बसले होते, माझ्या नावाने दोघी खिदळत होतात.

केनेस : अगं ती गोष्टच हसण्यासारखी आहे. तू पण हसतेस दरवेळी.

विगाती : आपण दोघी असतो तेव्हा हसते.

केनेस : तुला ना, मेलानी आवडतच नाही.

विगाती : मी कुठे काय म्हणाले? सुरबायाची पोर, तीन आठवडे झाले येऊन, स्वतःचं मशीन घेऊन आली खांद्याला लटकवून. चालते तेव्हा बटणं कुरकुरतात, आधी मशीन येतं, मग ती येते. असू दे की. चांगलीच आहे. पावडरीचा वास येतो.

केनेस : चांगला वास आहे.

विगाती : तेच म्हटलं मी. तुझ्या अंगाला पण यायला लागलाय.

केनेस : शेजारी बसून मशीन शिकतेय गं मी, येणारच ना. आणि तूही ये म्हटलं होतं तुला. तीन दिवस म्हटलं. बू मुर्नींनी सगळ्यांना आठवडा दिला होता तिन्ही वस्तू वापरून बघायला, घडीची पाटी, ती सुलट पाटी आणि मशीन. तू मशीनला हात तरी लावलास?

विगाती : लावला. दगड आहे. दोन-अडीच किलो. डोळस पोरांच्या वर्गात ते बाकावर ठेवून खाडखाड केलं की सगळा वर्ग माना वळवणार. पाटी कशी, पावसाच्या थेंबाएवढा आवाज. खिशातून काढली, लिहिलं, खिशात.

केनेस : त्या सुलट पाटीची काय गंमत झाली पण. डावीकडून उजवीकडे लिहायचं म्हणे, सरळ. नऊच्या नऊ जणींनी सवयीने उजवीकडून सुरुवात केली आणि सगळी अक्षरं उलटी. एंडांगने स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, ही बाई कोण?

विगाती : नऊ नाही, आठ. मेलानीने सरळच लिहिलं. तिला मशीनची सवय.

केनेस : हो, आणि मग साध्या पाटीवर तिचं सगळं उलटं झालं. रडकुंडीला आली होती बिचारी. म्हणून तर मी तिला...

विगाती : माहितीये. म्हणून तू तिला शिकवायला बसलीस. तिचा हात धरून. मला ऐकू येत होतं. उजवीकडून, मेलानी, उजवीकडून, आणि मग हसणं. मला कोणी शिकवलं होतं गं उजवीकडून? आणि तुला कोणी शिकवलं?

केनेस : तू.

विगाती : सहा वर्षांची होतीस. आईचा पदर सोडत नव्हतीस. मी पण सहाच वर्षांची होते, मला पण घरी जायचं होतं. तरी अंड्यांच्या पुठ्ठ्यात गोट्या टाकून टाकून मी तुला अक्षरं शिकवली.

केनेस : मी कधी नाही म्हटलंय? सगळ्यांना सांगते मी. मेलानीला पण सांगितलं.

विगाती : चौदा.

केनेस : विगाती, आता खरं खरं सांग. तुला पाटी का हवी होती एवढी? हलकी आहे म्हणून नको सांगूस, ते तू बू मुर्नींना सांगितलंस, मी शेजारीच होते.

विगाती : हलकीच आहे.

केनेस : सांग ना.

विगाती : नवीन शाळेत एका वर्गात आपल्यातल्या दोघीच, एकातच काय त्या तिघी. जोड्या बू मुर्नी लावणार. पाटी आली तर तुझी जोडी कुणाशी, हे शेंबडं पोरही सांगेल. तू पाटीवर हळू आहेस. मास्तर बोलायला लागले की तू पहिल्या ओळीत आणि मास्तर तिसऱ्या पानावर. तुला शेजारी मी लागते, रोज संध्याकाळी माझ्या वहीतून तुझ्या वहीत उतरवून द्यायला. आणि मशीन आलं तर?

केनेस : तर काय?

विगाती : तर तुला मशीनवाली लागते. जी तुला पियानो वाजवते म्हणते.

केनेस : तेवढ्यासाठी?

विगाती : तेवढंच आहे गं माझ्याकडे. दुसरं काय आहे? गाणं तुला येतं, गोष्टी तुला येतात, सगळ्या तुझ्या पलंगाभोवती जमतात. मला भरभर लिहिता येतं. एवढंच येतं. मशीन आलं की महिन्याभरात सगळ्याच भरभर लिहिणार.

केनेस : वेडी आहेस. आण तो डबा इकडे.

विगाती : कशाला?

केनेस : बिस्किटं खायला. आण.

विगाती : ह्या डब्यात कधी बिस्किटं होती? मी आले तेव्हापासून तांदळाच्या पापड्याच ठेवायच्या ह्यात.

केनेस : मला चिठ्ठ्या बघायच्यात. पाचवी कोण फुटली ते बघते. माझ्या हिशोबात चारच पाटीवाल्या होत्या.

विगाती : गुप्त मतदान आहे म्हणालीस आत्ताच.

केनेस : ते डोळसांसाठी गुप्त. बू मुर्नी बिचाऱ्या डोळ्यांनी वाचतात ब्रेल, कागद दिव्याखाली तिरका धरून, टिंबांच्या सावल्या बघून. त्यांना सगळी टिंबं सारखीच दिसतात. म्हणून तर त्यांना सुचलं, चिठ्ठ्या टाका, नाव घालू नका, कुणाला कळणार नाही. मी तेव्हाच म्हणणार होते की बाई, दहा वर्षं एका खोलीत झोपतो आम्ही, एकमेकींची टिंबं आईच्या हाकेसारखी ओळखतो. पण म्हटलं जाऊ दे, एवढ्या उत्साहाने कॅलेंडर कापून नऊ तुकडे केलेत. एकेका तुकड्याला कोपऱ्यात भोकही पाडलंय, दहावा कुणी घुसवू नये म्हणून.

विगाती : मग दे सोडून. पाच-चार आहे. झालं.

केनेस : दे गं. ओढू नको, झाकण उडेल. दे. ...हां. बघ, ही पहिली. मशीन. टिंबं कशी घाबरत घाबरत पाडलीत, कागदाला लागेल म्हणून. जुळ्यांतली धाकटी. ही तिच्या बहिणीची, मशीन. ही काय, अर्धा शब्द पाटीच्या घरांबाहेर, एंडांग. मशीन. ही पाटी, मागून भोकं पडल्यासारखी, इतका जोर, ही तुझी. तू कागदाचा खून करतेस दरवेळी.

विगाती : भरभर लिहिलं की तसं होतं.

केनेस : ही मादियुनची, मशीन. चार झाल्या. आता पाटीवाल्या. ही आसिहची, तिला टोच्या नीट धरताच येत नाही. ही सुमियातीची. ही... हं. ही बरी आहे. आणि ही शेवटची. पाटी. ही पण तुझी.

विगाती : माझी एकच आहे.

केनेस : नाही, ही पण तुझीच. जोर बघ की. विगाती, तू दोन टाकल्यास? पण कागद तर नऊच होते. थांब. थांब जरा. ह्याच्या वरच्या ओळीत काहीतरी आहे.

विगाती : काही नाही. कॅलेंडरची सुरकुती असेल.

केनेस : सुरकुती नाही.

(केनेस बोटाचं टोक फिरवते, मग नख, मग पुन्हा बोट. गल्लीतून वाफवलेले गोड पुतू विकणारा जातो; त्याच्या वाफेची बारीक शिट्टी कोपऱ्यापर्यंत जाते आणि थांबते.)

केनेस : मशीन. इथे आधी मशीन लिहिलेलं होतं. टिंबं नखाने दाबून दाबून सपाट केलीत. आणि खालच्या ओळीत तुझ्या हाताने पाटी. बोल ना. एरवी एवढी जीभ चालते.

विगाती : काय बोलू. केलं.

केनेस : तू एवढी हुशार, आणि स्वतःच्याच टोच्याने लिहिलंस? आमच्यातल्या कुणीही बोट ठेवलं असतं तर कळलं असतं.

विगाती : कोण ठेवणार होतं? डबा माझ्याकडून बू मुर्नींकडे, बू मुर्नींकडून फायलीत. त्या सावल्या बघणार. सावलीत माझा हात दिसत नाही.

केनेस : म्हणजे ठरवून केलंस.

विगाती : ठरवून नाही केलं. मी मोजत होते नुसती. चार झाल्या मशीनच्या, चार झाल्या पाटीच्या, आणि ही शेवटची आली हातात. आणि मला वाचायच्या आधीच कळलं कुणाची आहे. टिंबं बोथट, मऊ, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. तुझ्या टोच्याचीच. तुझ्या बाबांनी मूठ करून दिलेली आहे त्याला, पायरीवर घासून घासून तू त्याचं टोक घालवलंस दुसरीत असताना. अख्ख्या सोलो शहरात असा टोच्या दुसरा नाही. आणि त्या टोच्याने लिहिलं होतं, मशीन.

केनेस : म्हणून पुसलंस.

विगाती : बाकी कुणाचं असतं ना केनेस, तर हात लावला नसता. शपथ. हरले असते. जुळ्यांनी लिहिलं, एंडांगने लिहिलं, मला काही वाटलं नाही. पण तू. तीन आठवड्यांत. दहा वर्षं मी तुझ्यासाठी उतरवून काढलं, चिकनगुन्याने पडली होतीस तेव्हा महिनाभर दोघींच्या वह्या मी लिहिल्या, आणि ती आली पावडर लावून, सहा बटणं घेऊन, आणि तू...

केनेस : माझी नाहीये ती.

विगाती : आता खोटं नको बोलू.

केनेस : माझी नाहीये. टोच्या माझा आहे. मी मेलानीला दिला होता.

विगाती : काय?

केनेस : तिच्याकडे टोच्याच नव्हता. मशीनवाली ना ती. चिठ्ठी पाटीवरच लिहायची असं बू मुर्नींनी सांगितलं, तर ती रडवेली झाली, म्हणून मी माझी पाटी दिली, माझा टोच्या दिला, शेजारी बसून उजवीकडून उजवीकडून केलं. तू ऐकलंसच. तेव्हा हीच चिठ्ठी लिहिणं चाललं होतं. तिला मशीन हवं होतं कारण डोळस पोरांच्या वर्गात तिचं एकटीचंच खाडखाड वाजणार, सगळे तिच्याकडेच बघणार. शेजारी दुसरं मशीन असलं तर कुणाचं वाजतंय कळणार नाही. एवढंच.

विगाती : मग तू कशाने लिहिलंस?

केनेस : तुझ्या उशीखालच्या जुन्या टोच्याने.

विगाती : विचारलं नाहीस मला.

केनेस : कधी विचारलंय?

विगाती : मग तुझी चिठ्ठी कुठली?

केनेस : तू सांग. तुला सगळ्यांचे हात कळतात ना? घे डबा. शोध.

विगाती : केनेस...

केनेस : शोध म्हटलं ना.

विगाती : ही आसिह. ही जुळी. ही दुसरी जुळी. ही मी. ही... ही सुमियातीची, बारीक, सरळ. ही पण सुमियाती... नाही. दोन कशा असतील सुमियातीच्या?

केनेस : मोजताना वाचलीस ना ही?

विगाती : वाचली. धार होती टिंबांना, म्हटलं सुमियातीचीच. दुसरी आली तेव्हा विचारच केला नाही. माझं लक्ष त्या साबुदाण्यात अडकलं होतं.

केनेस : आता लक्ष देऊन वाच. सुरुवातीपासून.

विगाती : सुरुवातीला काही नाही. पहिलं घर रिकामं आहे. मग...

केनेस : हं.

विगाती : पहिलं घर रिकामं आहे.

केनेस : ते कोणी शिकवलं होतं मला? की ओळ सुरू करताना पहिलं घर सोडायचं, तिथे बोटाला बसायला जागा ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्याचं बोट दमत नाही. कुठल्या पुस्तकात नाही ते. बू मुर्नी किती ओरडल्या, कागद वाया जातो. मी अजून सोडते. जगात दुसरं कुणी सोडत नाही, तू पण सोडत नाहीस आता.

विगाती : पाटी लिहिलंयस.

केनेस : हो.

विगाती : तू पाटीला मत दिलंस.

केनेस : दहा वर्षं झाली विगाती. तू टोच्या ओळखलास. हात नाही ओळखलास.

विगाती : ...माझ्यासाठी दिलंस?

केनेस : मग कुणासाठी? मला पाटी हवी असेल असं वाटतं तुला? हे बघ, इथे हात लाव. हे बोटाचं पेर. लाव की.

विगाती : सुजलंय.

केनेस : चिकनगुन्यापासून आहे, दोन वर्षं झाली. एक पान टोचलं की रात्रभर ठणकतं. मशीनवर ठणकत नाही. चार दिवस मी रोज दोन दोन पानं लिहिली, स्वतःची, काही झालं नाही.

विगाती : मला का नाही सांगितलंस? मी एक ओळ लिहू दिली नसती तुला.

केनेस : म्हणून नाही सांगितलं. अगं, दोन वर्षं माझ्या वहीत मी नाहीये. परवा जुनं काहीतरी शोधायला सगळ्या वह्या काढल्या, भूगोल, इतिहास, सगळं चाळलं, आणि पानोपानी तूच. भोकं पडलेली, जोरजोरात. मी शोधत होते, माझी एक तरी ओळ सापडते का.

विगाती : मला वाटायचं तुला बरं वाटतं.

केनेस : बरं वाटायचं. तू माझ्यासाठी बसतेस, हे बरंच वाटायचं. म्हणून तर पाटी लिहिलं. टोच्या हातात घेऊन बसले होते, म चं पहिलं टिंब पाडणार, तेवढ्यात तू पलीकडून खोकलीस. आणि मला वाटलं, हिला कळेल. बोट ठेवल्या ठेवल्या कळेल की केनेसने मशीन लिहिलं, आणि मग ही आठवडाभर जेवणार नाही. म्हणून पाटी.

विगाती : आणि मी...

केनेस : आणि तू मेलानीचं मत पुसलंस. तिचा काय संबंध होता?

विगाती : आता काय करायचं?

केनेस : मला विचारू नको. मी माझं केलं ते केलं. डब्यात टाकलं आणि विसरले, बू मुर्नी म्हणाल्या तसं.

विगाती : चपला वाजतायत. त्याच आहेत. केनेस, काही बोलू नकोस हं.

केनेस : मी काहीच बोलणार नाहीये. ना इकडून, ना तिकडून.

बू मुर्नी : इथे लपलात होय दोघी? आत सगळ्या कान लावून बसल्यात. चला, बांग व्हायच्या आत देऊन टाक मला, विगाती. नीट मोजलंस ना?

विगाती : हो बू.

बू मुर्नी : नऊच्या नऊ आहेत?

विगाती : नऊ आहेत.

बू मुर्नी : शाबास. काय निघालं मग? पत्र टाइप करून ठेवलंय, फक्त वस्तूचं नाव घालायचं राहिलंय.

विगाती : पाटी, बू.

बू मुर्नी : अरे वा. बरं झालं, हलकी. किती मतं? ...विगाती?

विगाती : पाच-चार. पण ते बरोबर नाहीये.

बू मुर्नी : म्हणजे चुकलं मोजताना?

विगाती : मोजताना नाही. एक चिठ्ठी मी पुसली. मशीन होतं, पाटी केलं. खरं चार-पाच आहे. मशीन.

बू मुर्नी : ...कुणाची चिठ्ठी होती?

विगाती : मेलानीची.

बू मुर्नी : तुला कसं कळलं मेलानीची ते? नावं नव्हती ना घातली?

केनेस : बू, नावं लागत नाहीत.

बू मुर्नी : म्हणजे? हात कळतात तुम्हाला?

केनेस : आठ वर्षांच्या पोरीला पण कळतात. तुम्ही एवढी कागदं कापलीत म्हणून कुणी बोललं नाही.

बू मुर्नी : बावीस वर्षं शिकवतेय मी इथे. बावीस वर्षं ह्याच डब्यात गुप्त मतदान घेतेय. वर्गप्रमुख, सहलीची जागा, सगळं.

केनेस : हो बू. सगळ्यांना सगळं माहीत असायचं.

बू मुर्नी : आण तो डबा इकडे. विगाती, तू मला का सांगितलंस? मला दिसलं नसतं. आणि खाली मान घालू नको, मला ते दिसतं.

विगाती : कारण दुसरी एक चिठ्ठी आहे, बू. ती कुणी पुसलेली नाही, पण ती पण खरी नाहीये. ती माझ्या भीतीने लिहिलेली आहे.

बू मुर्नी : आता हे काय नवीन?

केनेस : बू, ते आमचं आम्ही बघू.

बू मुर्नी : नाही. मी ऐकलं आता. सगळं रद्द. उद्या नाश्त्याच्या आधी पुन्हा मत टाकायचं, नऊ जणींनी. पत्र दुपारी गेलं तरी चालेल, संस्था काही पळून जात नाही. आणि विगाती, का रद्द झालं ते आत जाऊन तू सांगायचंस. मेलानीला आधी, मग सगळ्यांना. मी सांगणार नाही.

विगाती : हो बू.

बू मुर्नी : आणि चिठ्ठ्या मशीनवर लिहायच्या, मेलानीच्या. सगळ्यांची टिंबं सारखी पडतील. मग बघू कुणाचा हात कुणाला कळतो. मला आधीच सुचायला हवं होतं. ...ऐकलंत का, बांग झाली. उठा. चादरी कुणी काढणार?

केनेस : काढतो आम्ही बू. तुम्ही व्हा पुढे.

विगाती : गेल्या?

केनेस : गेल्या. ते टोक धर. घडी घाल. ओलीच आहे अजून.

विगाती : मेलानीला काय सांगू?

केनेस : जे केलंस ते. मेलानी ओरडणार नाही, ती तशी नाहीये. रडेल थोडी. ओरडली असती तर तुला बरं वाटलं असतं.

विगाती : सतरा.

केनेस : काय सतरा?

विगाती : काही नाही. सवय लागली. ...तू उद्या काय लिहिशील?

केनेस : गुप्त आहे. आणि उद्या तर खरंच गुप्त. मशीनवर सगळी टिंबं एका साच्यातली. तू वाचलंस तरी तुला कळणार नाही माझी कुठली.

विगाती : कळेल.

केनेस : कशी?

विगाती : पहिलं घर रिकामं असेल.

केनेस : ...मग उद्या नाही सोडणार मी.

विगाती : सोड गं. उद्या मोजायला मी नाहीये. मेलानीला सांगते मोजायला.